काटा चौऱ्याहत्तरवर

“पप्पा, मर्लिंडा आत्या अजून त्या गाडीवर बसते का?”

डेल्फिनाने हे विचारलं तेव्हा तिचे वडील, एलॉय आर्चुलेटा, गाड्या घडवायच्या दुकानाच्या दारात उलट्या बादलीवर बसून लाल चिलीचा बरीटो खात होते. घास अर्ध्यावरच थांबला. चिलीचा एक थेंब बुटावर पडला, तो पुसायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

“कोण म्हणालं असं?”

“कुणी नाही.”

“फिना.”

“ब्रिसा आणि काइली.”

पैजच तशी लागली होती. विचारलंस तर आठवडाभर माझं जेवणातलं फ्रिटो पाय तुझं, असं काइली सगळ्या टेबलासमोर म्हणाली होती. गेल्या वर्षीची फिना असती तर मुकाट्याने स्वतःचं सँडविच खात बसली असती. पण यंदा शाळेच्या वेल्डिंगच्या वर्गात अकरा मुलांना मागे टाकून तिचा सांधा पहिला आला होता. सरांनी तो शिकंज्यात धरून वाकवला, हातोड्याने हाणला, तरी तो उकलला नाही. त्या दिवसापासून सोळा वर्षांची डेल्फिना आर्चुलेटा जरा वेगळीच चालायला लागली होती. वडिलांना एक प्रश्न विचारायचा, त्यात काय!

झालं होतं ते असं. गेल्या शुक्रवारी ब्रिसा आणि काइलीचा शेवटचा तास रिकामा होता. फिना वर्गात असतानाच त्या दोघी दुकानात जाऊन आत्याच्या गाडीबरोबर फोटो काढत होत्या. शाळा सुटायच्या सुमारास गाडी खाली बसली. धाडकन नाही. दोन बोटं, हळूच, कुणी ओळखीचं माणूस पाय टाकून बसावं तशी. टाकीवरच्या, हवेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा वर चढला. ब्रिसा दप्तर तिथेच टाकून पळाली ती थेट पेट्रोल पंपापर्यंत.

“हवा आहे ती, पोरी,” पप्पा म्हणाले. “दुपारी पत्रा तापतो, हवा तापते, काटा चढतो. मैत्रिणींना म्हणावं, शास्त्राच्या तासाला जाग्या राहा.”

“हवा तापली तर गाडी वर उचलेल ना? खाली का बसेल?”

पप्पांनी बरीटोचा आणखी एक घास घेतला.

“आणि हवा गळाली तर गाडी बसेल, पण मग काटा चढणार नाही,” फिना म्हणाली. “काटा वर आणि गाडी खाली, हे कधी होतं ते तुम्हीच मला शिकवलंय.”

कुणी बसलं की होतं. हे एस्पान्योलातलं शेंबडं पोरही सांगेल. या गावात माणसं लग्नाआधी हौसेने गाडी जमिनीलगत खाली बसवतात आणि मग नवरी शोधतात, असं मम्मी म्हणते.

पण मर्लिंडा आत्याच्या गाडीसारखी गाडी या खोऱ्यात दुसरी नव्हती. मुळात ती लांब पल्ल्याची, भारी, चारशे किलोची मोटरसायकल. पुढे वारा अडवणारी मोठी छाती, मागे दोन्ही बाजूंना पेट्या. आत्याने त्या पेट्या ओढून लांब केल्या होत्या, जवळजवळ जमिनीला टेकेपर्यंत. रंग सुकत घातलेल्या चिलीचा, उन्हात लाल आणि सावलीत काळपट. मागच्या चाकाचे स्प्रिंग काढून तिथे हवेचे दांडे बसवले होते. बटण दाबलं की ती एक उसासा टाकून पोटावर झोपायची. दुसरं दाबलं की उठून उभी. फिना लहान असताना आत्या तिच्यासाठी हे मुद्दाम करून दाखवायची. तोंडात सूर्यफुलाच्या बिया, डोळे मिचकावत. “बघ, कशी सलाम करते! तुझा बाप तरी करतो का मला?”

आणि ते चाक! अजून चढवलेलं नव्हतं. भिंतीला टेकून उभं होतं, सव्वीस इंचाचं. अख्ख्या ॲल्युमिनियमच्या तबकडीतून आत्याने ते कापून घेतलं होतं, युक्काच्या झुडपाच्या पात्यांसारखे आरे, एकेक पातं टोकाला किंचित वळलेलं. फिरवलं की सगळी पाती मिळून एकच ज्योत दिसायची. टायर चढवून उभं केलं की फिनाच्या मांडीच्या वर यायचं. लोक अल्बुकर्कीहून नुसतं ते चाक बघायला यायचे आणि टोप्या काढायचे.

एवढं मोठं चाक मात्र नुसतं चढवता येत नाही. त्याने गाडीचं नाक आभाळात जातं. मग सांगाड्याची मान, म्हणजे ज्या जाड नळीत पुढच्या चाकाचा चिमटा फिरतो ती, कापून मागे कलवायची आणि पुन्हा सांधायची. मानेतून काढलेली सरळ रेघ जमिनीला जिथे लागेल, त्याच्या साडेचार इंच मागे चाक टेकलं पाहिजे. कमी भरलं तर गाडी थरथरते, जास्त भरलं तर वळत नाही. आणि हे माप घ्यायचं ते जो चालवणार त्याला गाडीवर बसवून. त्याच्या वजनाने गाडी किती दबते, काटा कुठे थांबतो, ते बघायचं आणि मगच करवत हातात घ्यायची. आत्याचा हा नियम होता. “रिकाम्या गाडीचं माप घेणं म्हणजे हँगरला विचारून शर्ट शिवणं,” असं ती म्हणायची.

पप्पांनी सहा वर्षांपूर्वी एकदा रिकाम्या गाडीचं माप घेतलं होतं. घाईत होते. त्या गाडीचा मालक, चिमायोचा पोस्टमन, ट्रुचासच्या उतारावर असताना हँडल त्याच्या हातात पिसाळलं. खांद्याचं हाड मोडून सुटला. त्यानंतर पप्पांनी एकही मान कापली नाही. माना आत्या कापायची, पप्पा रंग आणि पत्र्याचं बघायचे. गेल्या ऑक्टोबरात आत्या इस्पितळात वारली, रक्ताच्या आजाराने, सहा आठवड्यांत. आणि गाडी तशीच राहिली.

आता शनिवारी हेन्स्ली नावाचा एक माणूस ती न्यायला येणार होता. चालवायला नाही, तोडायला. इंजिन एकाला, पेट्या दुसऱ्याला, चाक कुणाच्या तरी दिवाणखान्याच्या भिंतीवर. पप्पा आणि मम्मी दोघांनी मिळून ठरवलं होतं.

“ती पुरी करायला कुणी उरलं नाही, फिना,” मम्मी म्हणाली होती. तिचं नाव बर्नाडेट. ती दातांच्या दवाखान्यात काउंटरवर असते आणि वाईट बातमी मऊ आवाजात सांगायची तिला सवय आहे. “आणि तुझे पप्पा रोज सकाळी आधी त्या गाडीकडे बघतात आणि मग माझ्याकडे. माझ्याच्याने होत नाही ते.”

यावर फिना भांडली होती, रडली होती, दार आपटलं होतं. उपयोग शून्य.

म्हणून पैज जिंकल्यावर ती थांबली नाही. मंगळवारी सकाळी शाळेत जायच्या आधी तिने गाडीमागच्या खांबाला पांढरी चिकटपट्टी लावली आणि पेटीच्या कडेच्या उंचीला पेनाने रेघ मारली. काटा साठवर होता, रिकाम्या गाडीचा असतो तिथेच. पुढचं चाक शिकंज्यात पक्कं धरलेलं होतं. हवेच्या पंपाची तार तिने उपटून खिशात घातली.

“पप्पा, तुम्ही दिवसभर इथेच असता. काटा हलला की वेळ लिहून ठेवायची.”

“मला दुसरे उद्योग नाहीत का?”

“नाहीत.”

पप्पा हसले. ऑक्टोबरपासून तसे हसले नव्हते. टायरच्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडून त्यांनी खिळ्याला अडकवला.

दुपारी चारला ती परतली तेव्हा पेटीची कड रेघेच्या दोन बोटं खाली होती. काटा चौऱ्याहत्तरवर. पप्पा लांब, पार दुसऱ्या टोकाला, एका मोटारीच्या सुट्या दाराचा रंग घासत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

एप्रिलचा वारा सुटला होता आणि नदीकडची बारीक धूळ दुकानात सगळीकडे बसली होती; टाकीवर, आरशांवर, पायपट्ट्यांवर. फक्त सीटवर नव्हती. सीटचं कातडं स्वच्छ होतं, मधोमध किंचित खोल गेलेलं.

तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. गाडीचं माप होईपर्यंत मालकाशिवाय कुणी बसायचं नाही, शिवायचं नाही, हाही आत्याचाच नियम. फिना त्या गाडीवर आजवर एकदाही बसली नव्हती.

“आत्याच आहे ना?” तिने विचारलं. आवाज आपोआप लहान झाला होता.

पप्पांनी घासणं थांबवलं आणि हनुवटीने भिंत दाखवली.

त्या भिंतीवर आत्याच्या खडूच्या रेघा होत्या. नाव आणि आकडा, नाव आणि आकडा. बेन्नी, एकोणऐंशी. सिस्टर अगाथा, अडुसष्ट (हो, नन; तिच्या गाडीला लाल दिव्यांची माळ आहे). सगळ्यात खाली या गाडीचं छोटं चित्र काढलेलं, सव्वीस इंचाच्या चाकासकट, आणि त्याच्याखाली दोन ओळी. पहिली: “मी, त्र्याऐंशी.” दुसरीत नावाची जागा कोरी आणि आकडा चौऱ्याहत्तर. खाली तारीख, दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली.

“आत्याचं वजन तुला माहीतच आहे,” पप्पा म्हणाले. “ती बसली की काटा त्र्याऐंशीवर जायचा. आजारी पडायच्या आधी.”

“मग हे कोण?”

“मी विचारलं होतं तिला. कुणाला बसवलंस गं, म्हणून. तर म्हणाली, अजून कुणाला नाही.”

 ते दाराकडे वळले आणि पुन्हा घासायला लागले, मघापेक्षा जोरात.

साडेसहाला फिना आणि ते घरी निघाले. शटर ओढताना तिने मागे वळून पाहिलं. काटा साठवर आला होता.

बुधवारीही तेच. चारला फिना पोचली तर चौऱ्याहत्तर. तिने टॉर्च घेऊन हवेच्या नळ्या तपासल्या, सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा आला नाही. आत्याचं काम इतकं सुबक होतं की ते तपासताना भीती बाजूला राहिली आणि फिना बघतच बसली. प्रत्येक नळी सांगाड्याच्या आतून नेलेली, प्रत्येक चिमटी एकाच दिशेला तोंड करून. कुणालाही कधीच दिसणार नाही अशा ठिकाणीसुद्धा तिने कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या.

हे तोडणार. शनिवारी.

गुरुवारी शाळेत काइलीने त्या दिवसाचं फ्रिटो पाय तिच्याकडे सरकवलं. “मग? शेवटी काय म्हणाले पप्पा?”

“म्हणाले, ती नाही.”

“हुश्श,” ब्रिसा म्हणाली.

“दुसरं कुणीतरी आहे.”

ब्रिसाने हातातला काटा-चमचा खाली ठेवला. “फिना, तू ना, आजकाल फार माजलीयस. आधी घाबरायचीस ते बरं होतं.”

त्या दुपारी फिना दुकानात आली ती सरळ पुठ्ठ्यापाशी गेली. पप्पांच्या तिरक्या अक्षरात तीन ओळी होत्या.

मंगळवार, तीन पंचवीस.

बुधवार, बारा चाळीस.

गुरुवार, तीन पंचवीस.

“बुधवारी लवकर,” पप्पा म्हणाले. “म्हणून तर म्हणतो, उन्हाचा खेळ आहे. वेळेचं काही खरं नाही.”

 शाळेची शेवटची घंटा तीन पंचवीसला होते. बुधवारी शिक्षकांची बैठक होती, अर्धा दिवस. बारा चाळीसला सोडलं होतं. हे पप्पांना ठाऊक नव्हतं, कारण ती तिथून ब्रिसाकडे गेली होती. केसांना जांभळा रंग लावायचा बेत होता, तो फसला, आणि मग चार वाजता ती नेहमीसारखी दुकानात आली होती.

म्हणजे ती ब्रिसाच्या न्हाणीघरात हसत असताना, सव्वातीन तास, इथे काटा चौऱ्याहत्तरवर होता. तिची वाट बघत.

तिने पुन्हा एकदा त्या तीन ओळी वाचल्या. मग पुठ्ठा उलटा करून ठेवला.

शुक्रवारी मम्मी दवाखान्यातून लवकर सुटून आली. दुकानाला लागून असलेल्या छोट्या ऑफिसात ती आणि पप्पा गाडीची कागदपत्रं काढून बसले. काचेतून दोघांची डोकी दिसत होती, एकमेकांकडे झुकलेली. पप्पा चष्मा पुसत होते. त्यात पुसण्यासारखं काही नव्हतं.

फिनाने दप्तर ठेवलं आणि गाडीपाशी गेली.

मोठं दार उघडं होतं. ऊन गाडीच्या पोटापर्यंत आलं होतं आणि चिलीचा रंग आतून पेटल्यासारखा दिसत होता. रस्त्यावरून कुणीतरी गाणं मोठ्याने लावून गेलं. सगळं नेहमीसारखं होतं.

काटा चौऱ्याहत्तरवर.

“मी बसतेय,” ती म्हणाली. कुणाला, ते तिला सांगता आलं नसतं.

तिने डावा हात हँडलवर ठेवला. उजवा पाय पलीकडे टाकला.

तिला वाटलं होतं काहीतरी लागेल. गारवा, अंग, काहीतरी. काही लागलं नाही. सीट ऊबदार होती, उन्हातली असते तितकीच.

ती पूर्ण बसली. दोन्ही पाय उचलून पायपट्ट्यांवर ठेवले.

गाडी दबली नाही.

तिने घड्याळात पाहिलं.

काटा हलला नाही.

चौऱ्याहत्तर. पंचावन्न किलोची जितीजागती मुलगी वर बसली होती आणि काटा केसभरही हलला नव्हता. जणू ती आत्ता बसलीच नव्हती. आधीपासून बसलेलीच होती.

 फिनाचे हात हँडलवरच राहिले, कारण हँडल अगदी तिच्या हाताला आलं होतं. कोपर जेवढं वाकायला हवं तेवढंच वाकलं होतं. पायपट्टी टाचेखाली बरोबर. आत्या धिप्पाड होती, लांब हातांची. तिला हे हँडल आखूड पडलं असतं. आणि दोन वर्षांपूर्वी फिना चौदाची होती, काडीसारखी. तिचा हात इथवर पोचलाच नसता. या गाडीत सगळंच्या सगळं आजच्या मापाचं होतं. आजच्या, या शुक्रवारच्या.

काय काम होतं ते! काय हात होता आत्याचा! 

ती उतरली.

मागून एक उसासा आला आणि गाडी दोन बोटं वर उचलली. काटा चौऱ्याहत्तरवरून सुटला आणि साठवर येऊन थांबला.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. सबंध आठवड्यात या वेळी ती सीट पहिल्यांदाच रिकामी होती.

फिनाने गाडीच्या भोवती पाहिलं. मग शेजारी पाहिलं; जी बसली होती ती तिच्याबरोबरच उतरली होती. मग सरळ ऑफिसात गेली आणि दाराजवळच्या खुर्चीत बसली.

“झालं का गं?” मम्मीने कागदातून डोकं न काढताच विचारलं आणि हात लांब करून दुसऱ्या खुर्चीवरची आपली पर्स उचलली, आपण कुणाला बसायला जागा करून देतो तशी, सहज. पर्स मांडीवर घेऊन ती पुन्हा वाचायला लागली.

त्या खुर्चीची जुनी फोमची गादी दोन बोटं खाली गेली, गाडी दबायची तेवढीच.

पप्पांनी ते पाहिलं. त्यांचा चष्मा हातातच राहिला. फिनानेही पाहिलं, आणि तिला नवल वाटलं ते एवढंच, की तिचा आवाज अजिबात कापला नाही.

“मम्मी, पप्पा, हेन्स्लीला फोन करून सांगा, उद्या येऊ नका. गाडी तुटणार नाही. मान मी कापणार, मीच सांधणार. पप्पा, तुम्ही शेजारी उभं राहायचं आणि चुकले की ओरडायचं. ते चाक चढवायचं. आणि रस्त्यावर पहिल्यांदा ती मीच काढणार.”